बाप जिवंत असताना काढलेली मिशी

मला पहिल्यापासून राग लवकर येतो. आता वय झालं, लोक म्हणतात शांत झालो. ते चूक आहे. उठून उभं राहायला वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा निघून जातो, एवढंच. पण एका दिवाळीचा राग असा आहे की तो मला बसल्या जागेवरून येतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माझ्यावरच आहे.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या काठाला. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेला, म्हणजे बापाच्या शेतात राबणारा, बावीस वर्षांचा. गावात दर दिवाळीच्या सुट्टीत नाटक व्हायचं आणि त्यातली बाई मी व्हायचो, कारण मी अंगानं काटकुळा होतो आणि लुगडं नेसून मला धड चालता यायचं. मिशी होती, पण तिच्यावर पीठ आणि पावडर लिंपली की काम भागायचं. गॅसबत्तीच्या उजेडात इतकं बारीक कोण बघतो!

त्या वर्षी नाटक बसवायला घेतलं ते गावातल्या मोठ्या जमीनदाराच्या मुलानं. तो नागपूरला कॉलेजात होता. अंगात टेरिलीनचा शर्ट, कपाळावर केसांचा झुपका, आणि बोलणं इतकं स्वच्छ की त्याच्यासमोर मला माझंच 'मले-तुले' टोचायला लागायचं. नायक तो, नायिका मी. तालमीत तो माझा हात धरून पाठ केलेली वाक्यं म्हणायचा, आणि मी मूर्ख ती वाक्यं घरी घेऊन जायचो.

कापूस वेचता वेचता मी आमचा संसार मांडत असे. नागपुरात एक खोली, खिडकीला पडदा, दोन खुर्च्या, कानाच्या कपात चहा. माझ्या मनातला तो कधी शिंकला नाही. त्याला कधी भूक लागली नाही, घाम आला नाही, पोट बिघडलं नाही. तो आपला सारखा माझ्याकडे बघत बसलेला असायचा. आज वाटतं, असल्या माणसाबरोबर माझा आठवडाही निघाला नसता. कोणी सारखं बघत बसलं तर माणसानं नाक कधी शिंकरायचं?

आणि खरा माणूस होता तो विहिरीवर. तेव्हा मोटा जाऊन इंजनं येत होती, आणि आसपासच्या पाच-सात गावांतली बंद पडलेली इंजनं चालू करणारा हा एकटाच. आमच्याच गावचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. अंगाला सदा तेलाचा वास, नखं काळी, जेवताना तोंडाचा आवाज. मिशी मात्र जाड, दोन्ही टोकांना वर वळलेली. तिला तो खोबरेल लावायचा आणि आरशाच्या तुकड्यात बघून खूश व्हायचा. आमचं सहा वर्षांपासून होतं. जे होतं त्याला आमच्याकडे नाव नव्हतं, शिव्या होत्या. त्या आम्हाला ठाऊक होत्या, म्हणून मनातलं बोलायचं ते इंजन चालू असतानाच. त्या धडधडीत दुसऱ्या कोणाला काही ऐकू जात नसे. आम्हालाही निम्मं जात नसे.

त्याचं प्रेम म्हणजे तक्रार. चप्पल शिवून घे. उन्हात टोपी घाल. एवढं तिखट खाऊ नको, मग रडतोस. मला तापानं धरलं तेव्हा तीन दिवस उशाशी बसला आणि तीनही दिवस मला बावळट म्हणत राहिला. मला त्याचा कंटाळा आला होता. तो आहेच, जातो कुठं, असं मी धरून चाललो होतो. हे लिहिताना स्वतःच्या दोन कानाखाली वाजवाव्याशा वाटतात.

तर तालमीत एका दुपारी नायक माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "यंदा ते पीठबीठ नको. मिशीच काढून टाक. माझ्यासाठी एवढं करशील ना?"

त्या वाक्यातला 'माझ्यासाठी' एवढाच शब्द माझ्या डोक्यात शिरला. बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ती काढतात बाप गेल्यावर, नदीवर, बापाला अग्नी देताना. मी न्हाव्याकडे गेलो तर त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"तुहा बाप जित्ता हाय ना? मंग मी हात लावत नाई. उद्या बुढ्याले साधं पडसं झालं तं लोकं माह्या नावानं बोंबलतीन."

त्या शहाण्या माणसाचं ऐकायचं सोडून मी दुकानातून ब्लेड आणलं आणि भाऊबीजेच्या सकाळी एकटाच नदीवर गेलो. पाण्यात बघून मिशी काढली. ओठ दोन ठिकाणी कापला. धोतरावर रक्त सांडलं म्हणून ते धुतलं, ओलंच गुंडाळलं, डोक्याला टॉवेल बांधला आणि उघड्या अंगानं वर रस्त्यावर आलो. नेमकी त्याच वेळी हिवरा आश्रमाकडून आलेली एसटी थांबली आणि आत्या उतरली. माझ्या बापाची एकुलती एक बहीण, भावाला ओवाळायला आलेली.

तिनं काय पाहिलं? नदीवरून येणारा भाचा, ओलं धोतर, डोक्याला गुंडाळलेलं, रडवेलं तोंड, आणि ओठावर मिशी नाही. आत्यानं हातातली पिशवी टाकली, "अव माय व, माहा भाऊ!" असा हंबरडा फोडला आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या मिठीत मला श्वास घेता येईना, बोलणार कुठून? तिचा आवाज ऐकून कापसातल्या बाया धावत आल्या. त्यांनीही माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सूर धरला. मी मागून ओरडतोय, "बाबा हायेत! बाबा घरीच हायेत!" तर एक म्हातारी मलाच समजावते, "हाव रे बापू, अजून घरीच असतीन. न्यायचे हायेत ना."

वीस-पंचवीस बाया रडत, छाती पिटत आमच्या दारात पोचल्या तेव्हा बाबा नवा फेटा बांधून ओट्यावर बसले होते, बहिणीची वाट बघत. ते घाईनं उठले आणि म्हणाले, "कोन गेलं व?"

आत्यानं आधी त्यांना हात लावून पाहिलं. मग वळून मला एक ठेवून दिली.

लोक अजून हा किस्सा हसत सांगतात. बाबा हसले नाहीत. रागानं त्यांचा आवाजच उतरला होता. "जित्तेपनी जाळलं यानं मले. सनाच्या दिवशी. मिशी उगवल्याबिगर या घरात पाय ठेवू नको." आई दाराआड उभी होती. ती बाहेर आली नाही.

मी थेट नायकाच्या घरी गेलो. माझ्या मनात चित्र तयार होतं: तो बघेल, त्याचे डोळे भरतील, म्हणेल की माझ्यासाठी एवढं सोसलंस. तो बैठकीत नागपूरच्या दोन मित्रांबरोबर चहा पीत होता.

"अरे, बरं झालं आलास. तुला सांगायचंच राहिलं," तो म्हणाला. "आम्ही अकोल्याहून नटी ठरवली. खरीखुरी बाई. तू मोकळा झालास." मग त्याचं लक्ष गेलं. "हे काय केलंस?"

"तुम्हीच सांगलं होतं."

"मी? कधी?"

तो खोटं बोलत नव्हता, हे माझं दुःख. लबाडी असती तर मला भांडता आलं असतं. तो खरोखर विसरला होता. "सहज म्हणालो असेन," असं म्हणून त्यानं बशीतला चहा संपवला. एक मित्र म्हणाला की याच्याकडे बघून नटीचे पैसे वाचले असते, आणि तिघंही हसले. मला घरातून काढलं होतं आणि ज्याच्यापायी काढलं त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. मी पायऱ्या उतरलो तेव्हा माझे कान गरम झाले होते.

मग विहिरीवर. तो इंजन खोलून बसला होता. मला पाहताच त्याच्या हातातला पाना खाली पडला. "काका गेले?" एवढंच म्हणाला आणि उभा राहिला, निघायच्या तयारीनं. मी सगळं सांगितलं. नायकाचं, न्हाव्याचं, आत्याचं. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली आणि दुसरंच काही आलं.

"त्यानं एकडाव सांगलं अन् तू भादरून घेतली?"

"चुकलं माहं."

"मी दोन वर्सांपासून सांगून राह्यलो, चप्पल शिवून घे, चप्पल शिवून घे. ते ऐकलं का तू?"

"चपलेचं काय आता?"

"काऊन? त्याच्या तोंडातून निंगालं तं देवाचं, अन् माह्या तोंडातून निंगालं तं कटकट? जाय. त्याच्याचकडं जाय. मले वेळ नाई."

सहा वर्षांत तो मला हजार वेळा बोलला होता, पण 'जाय' पहिल्यांदाच म्हणाला. मीही चिडलो. एवढं होऊन हा चपलेचं घेऊन बसला! उलट चार शब्द सुनावले आणि मारोतीच्या देवळात जाऊन पडलो. दोन दिवस तिथंच काढले. येणारा-जाणारा हात जोडायचा मारोतीला आणि हसायचा मला. दुसऱ्या दिवशी मला कळून चुकलं की नागपूरच्या खोलीचं मला काहीच वाटत नाहीये. ती खोली नव्हतीच. पण विहिरीवरचा माझ्याकडे परत आला नाही तर काय, या विचारानं मात्र मी सारखा उठून विहिरीकडच्या वाटेकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मेहकरच्या बाजारातून, त्याला ओळखत नव्हता अशा न्हाव्याकडून. त्याच्या ओठावर मिशी नव्हती. ती जागा इतकी पांढरी आणि उघडी दिसत होती की मी नजर वळवली. त्याचा बाप जिवंत होता. नुसता जिवंत नव्हे, दम्यानं खाटेला खिळलेला होता.

मी आभार मानले? छे. मी ओरडलो, "तुले अक्कल हाय का बे? घरी बाप असा पडेल हाय!"

"तू एकलाच येडा दिसून राह्यलास गावात," तो म्हणाला. "चाल घरी."

माझा दंड धरून भर दुपारी, सगळ्या गावातून, त्यानं मला आमच्या दारात नेलं. बाबा ओट्यावरच होते.

"काका, याले घरात घ्या. मीबी नाटकात हाव."

बाबांनी त्याचे खांदे पाहिले, काळी नखं पाहिली. "तुहा कायचा पार्ट?"

"याच्या सवतीचा."

आत्या अजून गेली नव्हती. तिनं पदर तोंडात कोंबला. बाबांनी एकदा त्याच्या ओठाकडे पाहिलं, एकदा माझ्या. ते नाटकावर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. मग आत तोंड करून म्हणाले, "दोन-दोन बाप मारले यायनं. वाढ व यायले."

त्याच्या स्वतःच्या घरी काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याला खाटेजवळ बोलावलं, ओठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "येवढी काय घाई झाली होती बे तुले?" आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. तो म्हातारा मला फार आवडायचा.

पुरते पंधरा दिवसही झाले नाहीत, म्हातारा गेला. दमा त्याला पंधरा वर्षांचा होता, थंडी सुरू झाली होती. नाटक तोवर होऊन गेलं होतं, नायक नागपूरला परतला होता. नदीवर सगळा गाव जमला. तो बापाला अग्नी देणार म्हणून हजामतीला बसला. न्हाव्यानं डोकं केलं आणि ओठापाशी येऊन थांबला. तिथं काळे खुंट तेवढे उगवले होते. त्यानं त्यावरूनच वस्तरा फिरवला.

"याची तं आधीपासूनच तयारी होती," भाऊबंदांतला एकजण मोठ्यानं म्हणाला.

"पोरानं बाप खाल्ला," दुसरा म्हणाला.

आणि तो गप्प बसला. चपलेवरून दोन वर्षं माझं डोकं खाणारा माणूस मान खाली घालून गप्प बसला, जणू ते खरंच होतं. मला जन्मात आला नाही असा राग आला. त्या भाऊबंदांचा आला, त्या रीतीचा आला, आणि एका रिकामटेकड्या वाक्यासाठी या माणसाला इथं आणून बसवणाऱ्या माझा आला.

"बुढा दम्यानं गेला," मी म्हणालो, आणि माझा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला असणार. "अन् याची मिशी माह्यापायी गेली. माह्यावर गाव हासून राह्यलं होतं म्हनून यानं काढली. नाव ठेवाचं तं मले ठेवा. आतापावतर माह्यासाठी असं कोनी केलं नाई, अन् तुमच्यासाठीबी कोनी करनार नाई!"

इंजन चालू नव्हतं. सगळ्यांना सगळं ऐकू गेलं. गर्दीत माझे बाबा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते न्हाव्याला म्हणाले, "आवर बाप्पा लवकर, ऊन चढून राह्यलं." आणि लोक पुन्हा कामाला लागले.

सगळं उरकल्यावर लोक पांगले. तो गुळगुळीत डोक्यानं, ओल्या धोतरानं पुढं चालला होता, मी मागं. आता हा काहीतरी गोड बोलेल असं मला वाटलं. माझी खोड काही पुरती गेली नव्हती. तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"येवढ्या लोकायत बोलाची काय गरज होती बे?"

"खरं होतं म्हनून बोललो."

"खरं हाय हे मले सांगतं? मले सहा वर्सांपासून मालूम हाय. तुले समजलं ते आज, माह्या बापाच्या मयतीत."

एवढं बोलून तो अशा तरातरा चालीनं निघाला की मला त्याच्या मागं पळावं लागलं.