ओळीत नसलेली झाडं

आमच्या रोपवनाच्या गोष्टी सांगायले बसलं का एकीच्या मागून दुसरी निघतेच. कारण सोपं हाय. तिथं कोणाचाच कोणावर भरोसा नव्हता!

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. झाडं वाढले का हवा थंड राह्यते, पाऊस धरून येते, असं म्हणून रोहिणखेडजवळच्या, जंगल तोडून उघड्या पडलेल्या टेकडीसाठी वरून पैसा मंजूर झाला. मी रोजंदारीवर राखणदार. झाडं जगले तं योजना चालू राहीन अन् मी पक्का होईन, नाई तं घरी. पह्यल्याच दिवशी गावानं मले धरलं. सरकार फुकटात झाडं काऊन लावते, हा सवाल. एक जण म्हणे, "आज झाड लावते, उद्या टेकडीच उचलून नेईन बे!"

*

जंगलखात्याचा नाकेदार रंगराव माह्यावर नजर ठेवायले होता. एका दुपारी तो झुडपामागं लपून बसला, मी झोपतो का ते पाह्यले. बसल्या बसल्या त्याचाच डोळा लागला. घोरणं ऐकून मी गेलो, त्याले हलवलं. डोळे चोळत म्हणते कसा, "तू मले पाह्यतं का नाई, तेच पाहून राह्यलो होतो."

*

रेंजरसाहेब पुण्याकडचे. आमी रोपं न लावता नुसत्या काड्या खोचल्या, असा त्याईले पक्का संशय. म्हणून दर महिन्याले येऊन दर दहावं रोप उपटत अन् मुळं पाहत. मूळ दिसलं का "ठीक आहे" म्हणून परत खोचत. मोजणी दर खेपेले नव्या रोपापासून सुरू! वर्ष सरता सरता सारे रोपं तपासून झाले अन् सारे वाळले. साहेबांचा शेरा आला: रोपं निकृष्ट.

*

मंग पाला बकऱ्याईनं खाल्ला म्हणून रोपं वाळले, असा शक भागाबाईवर गेला. टेकडीले लागून तिचं घर, सहा बकऱ्या. टेकडीले कुंपण होऊन चराई बंद झाली तशी ती बांधावरचा पाला तोडून आणे अन् मले रोज शिव्या दे. रेंजरसाहेबांनी तिच्या बकरीचा जबडा उघडून पाह्यला, दातात सरकारी पान अडकलं का म्हणून. भागाबाई बाजूलेच उभी होती. म्हणाली, "आता माहं बी तोंड पाहून घ्या."

*

तिसऱ्या वर्षी मोठे साहेब तपासणीले आले. योजना राहते का जाते, ते त्या दिवशीच ठरणार होतं. लावलेलं एक बी रोप जिवंत नव्हतं, पण टेकडी हिरवीगार! तोडलेल्या सागाच्या, अंजनाच्या जुन्या खोडाईले धुमारे फुटून माणसाएवढे झाले होते. रेंजरसाहेबांनी मले हळूच सांगितलं, 'मीच लावले' असं तू बोल म्हणून.

मोठ्या साहेबांनी सारी टेकडी फिरून पाह्यली. मंग माह्यासमोर येऊन उभे राह्यले. "ही झाडं ओळीत नाहीत. कोणी लावली?"

मले खोटं बोलवेना. "कोणीच नाई, साहेब. आपोआप आले."

"आपोआप आली, तर तू तीन वर्षं मजुरी कशाची घेतलीस?"

रेंजरसाहेब दुसरीकडंच पाहून राह्यले होते. गेली नोकरी, असं म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात कुंपणाबाहेरून भागाबाई बोलली.

"तीन वर्सं त्यानं माह्या एका बी बकरीले आत येऊ नाई देल्लं, साहेब."