सासूबाईंचा तान्हा पोळा

सिंदी मेघेच्या आमच्या वसाहतीत तान्ह्या पोळ्याचा निवेदक मी, परीक्षक मी आणि नियम करणाराही मीच. मोठा पोळा खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं सजूनधजून चाकांवरचे लाकडी नंदी ओढत मैदानात येतात, तो तान्हा पोळा. माइक हातात आला की माझ्या अंगात काय संचारतं, विचारू नका! बायको म्हणते, हा माणूस घरात पाणीसुद्धा जाहीर निवेदन केल्यासारखं मागतो.

आणि नियम म्हणजे माझा जुना नाद. दिसेल त्या गोष्टीवर मी एक तर बरोबरचा शिक्का मारायचो, नाही तर चुकीचा. तर्री, म्हणजे तो झणझणीत रस्सा, पोह्यांवरच ओतायची असते, हे हिंगणघाटच्या साडूला पटवण्यात मी एक अख्खी सकाळ घालवली. तो बिचारा वाटीत वेगळी देत होता. वाद मी जिंकलो. पोहे मात्र गार खाल्ले.

यंदा मोठ्या पोळ्याच्या दिवशी सासूबाई देवळीहून आल्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, जीभ नव्या विळ्यासारखी. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लाकडी नंदी काढला. रंगाचा वास अजून येत होता. तो त्यांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी उभा केला.

“जवाईबापू, उद्या मले रांगेत उभं राह्यचं हाये.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“आई, बारा वर्षांपर्यंतच घेतो आपण. नियम आहे.”

“बारा त माये कधीचेच पुरे झाले. मंग अडवते कोन?”

“पुरे झालेले नाही चालत. बाराच्या आतले लागतात.”

“काऊन? नंदी वय इचारते काय?”

मी घाईघाईनं चहा संपवला.

स्वयंपाकघरात बायकोनं मला गाठून आईची जुनी गोष्ट सांगितली. लहानपणी आई भावांच्या नंद्यांची शिंगं रंगवायची, झूल शिवायची, बाशिंग बांधायची. दोरी मात्र भावांच्या हातात. पोरीनं नंदी ओढायचा नाही, हे तेव्हा ठरलेलं होतं. गेल्या वर्षी आमच्या मैदानात तिनं रांगेत मुलीच मुली पाहिल्या, आणि देवळीला परत गेल्यावर सुताराला नंदी करायला सांगितला.

“एक डाव दोरी धरू द्या तिले,” बायको म्हणाली. “गुडघे पाह्यता ना तिचे? पुढच्या साली चालनं होईन का नाई, कोनाले मालूम?”

“पण नियम...”

“कोनं केला?”

“मी.”

“मंग तोडनाराही घरातच हाये. दूर जा लागत नाई.”

मी ऐकलं नाही. मला वाईट वाटत होतं, पण चूक ती चूक!

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान नुसतं उसळत होतं. आंब्याच्या पानांचं तोरण, ढोल, धोतरात पाय अडकून पडणारे इवलेसे शेतकरी, रडणारा एक चिमुकला पोलीस. मी माइकवरून एकेकाची ओळख करून देत पुढे सरकत होतो. रांगेच्या टोकाला पोचलो आणि पाहतो तर काय! तिथे एक ठेंगणा शेतकरी उभा होता. अंगावर माझं धोतर! डोक्यावर माझा लग्नातला फेटा! आणि फेट्याखाली काजळानं काढलेली झुबकेदार मिशी. हातात दोरी, दोरीला नंदी. बायको मागे उभी राहून आभाळाकडे पाहत होती.

वसाहतीचे अध्यक्ष लगेच पुढे आले. “भाऊ, नियम तुमचाच ना? आज तुमच्या घरचे घुसून राह्यले, उद्या आमीही येऊ नंदी घेऊन!”

सगळं मैदान माझ्याकडे पाहू लागलं. सासूबाईंनी दोरी आणखी घट्ट धरली. अध्यक्षांचं म्हणणं चोख बरोबर होतं. माझ्याच मापानं मोजलेलं. पण त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यानं घात केला. पोट सावरत, नंदी ओढत, डुलत डुलत येणारे अध्यक्ष माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि मी खो खो हसलो. तेही माइकवर!

“मग या ना!” मी ओरडलो. “उद्या कशाला, आजच या! बक्षिसं पोरांची, पण पोळा ज्याच्या हाती दोरी त्याचा! आणि आता येत आहेत, थेट देवळीहून, आपल्या पोळ्यातले सर्वांत अनुभवी शेतकरी...”

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. एवढ्या शिट्ट्या! सासूबाईंनी मिशीला पीळ दिला. अध्यक्षांच्या बायकोनं नातवाचा नंदी नवऱ्याच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “जा, लय बोलून राह्यले होते ना!” बिचारे गेले. दोन पावलांत रंगलेसुद्धा. मला वाटलं होतं, एक नियम वाकला की पोळा विस्कटेल. विस्कटलाच, आणि काय बहार आली!

तोरण तुटलं, ‘पोळा फुटला’ अशी आरोळी उठली आणि सगळे धावले. कुरकुरणारे ते गुडघेही धावले. मग दारोदार बोजारा मागणं, म्हणजे नंदी दारात नेला की घरचे खाऊ देतात ते. सासूबाईंनी आमच्या गल्लीतलं एक दार सोडलं नाही.

शेवटी त्या आमच्या दाराशी आल्या. धापा टाकत, ओंजळीत चिवडा, शंकरपाळी, काय काय.

“जवाईबापू, खरं सांगा. हे बरोबर झालं का चूक?”

जन्मभर मी याच प्रश्नाची वाट पाहत जगलो होतो, आणि नेमका आता मला तो फार किरकोळ वाटला.

“आई, डावीकडची मिशी घामानं पुसली तुमची. थांबा, काजळ आणतो.”

“आना लवकर,” त्या पायरीवर टेकत म्हणाल्या. “मागची गल्ली राह्यली हाये.”