ट्रक बघायला आलेले पावणे

मुलांनो, निरुपयोगी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण इतक्या मेहनतीने निरुपयोगी राहिलेला माणूस एकच, तुमच्या आजोबांचे मामेभाऊ, म्हणजे माझे भावजी. सत्तरच्या दशकात कोल्हापुरात लष्कराने लिलावात काढलेला एक म्हातारा ट्रक त्यांनी विकत आणला आणि नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवून उभा केला. नऊ वर्षं त्यांची बायको, माझी जाऊ, भरदुपारी दिवा लावून भाकऱ्या थापत होती. भावजींचं डोकं बोनेटखाली. घरातली माणसं नळाचं पाणी पीत. रेडिएटरला मात्र उकळून, गाळून. कार्बोरेटर पुसायला जावेचं मऊ झालेलं नऊवारी लुगडं फाडलं, तेही न विचारता. एकदा मी म्हटलं, "भावजी, हा रस्त्यावर कधी जाणार?"

"चालवला की खराब हुतोय, वैनी," ते गंभीरपणे म्हणाले.

शेवटी जावेने बजावलं, "दिवाळीच्या आत खिडकीतनं ऊन आलं न्हाय, तर मी चालले म्हायेरी, हुपरीला. परत यायची न्हाय." पोकळ धमकी देणारी बाई नव्हती ती, भरलेली ट्रंक दाराशी ठेवलेली मी पाहिली.

भावजी घाबरले, ट्रक विकायला काढला. गिऱ्हाइकं येऊ लागली, आणि यांनी त्यांच्याच मुलाखती सुरू केल्या. घरी छप्पर आहे का? चढाला कुठला गिअर टाकता? दारू पिता का? एकाला तर वडील काय करतात तेही विचारलं! चौघे चहा पिऊन आल्या वाटेने गेले. पाचवे मलकापूरचे लाकडाचे व्यापारी, एक वयस्कर मुसलमान गृहस्थ. तेही वैतागले.

"पावणं, गाडी इकायची हाय का पोरगी द्यायची हाय?"

मी आणि जाऊ पदर तोंडाला लावून हसलो. भावजी हसले नाहीत. पण केबिनमध्ये चढताना त्या गृहस्थांनी पायातल्या वहाणा खाली काढून ठेवल्या. भावजी त्या वहाणांकडे बघत राहिले आणि इंजिन फिरवायचं हँडल त्यांनी पुढे केलं.

नाक्यापर्यंत पोचवतो म्हणून शेजारी बसले, ते थेट मलकापूरला उतरले. तिन्हीसांजेला एसटीने परत आले. जाऊ ट्रंक रिकामी करत होती.

"चढाला गाडी तापली न्हाय," मोकळ्या खिडकीकडे बघत ते म्हणाले.

टोमणा माझ्या अगदी जिभेवर होता. जावेने डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

"पयला दिवस जडच जातोय. जेवा. उद्या जाऊन बघून या एकदा."