दोनशे चौदाव्या अंकापासून

ती मुखवटेवाल्याची चित्रकथा मी चौथीपासून वाचतोय. गडी भिंतीतून आरपार जातो, दुष्टांच्या मुसक्या बांधतो आन् दर अंकाच्या शेवटी नव्या लफड्यात अडकतो. हिंदीत निघते, अजून निघते, आन् पहिल्यापासूनचा एकूणएक अंक माझ्याकडं हाय. आमच्या घरात पोथी वाचायचं काम पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. पोथी पहिल्या अध्यायापासून धरायची, मधूनच उघडायची न्हाई, अर्धी सोडायची न्हाई, हे मला पाटी-पेन्सिलीच्या आधी कळलं. तीच शिस्त मी अंकांना लावली. दहा-दहाचे गठ्ठे, लाल फडक्यात बांधलेले. बायको म्हणते, एवढी कदर माझी केली असती तर. मी ऐकून सोडून देतो.

मी शाळेत मास्तर. कुणी विचारलं की सर, ही मालिका कुठून सुरू करावी, तर माझं उत्तर ठरलेलं: पहिल्या अंकापासून, आन् दम असंल तरच. एका सहकाऱ्यानं मधलाच अंक उचलला म्हणून मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सोनपेठात सगळ्यांना ठाऊक हाय.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शेळ्यावाला राहतो. तो आन् मी चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलो. पुढं त्यानं शेळ्या धरल्या, मी पुस्तकं धरली. तरी नवा अंक हाती आला की मी बांधावर बसून वाचायचो आन् तो ऐकायचा. गेल्या उन्हाळ्यात शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा पाडताना तो फांदीवरून खाली आला. मांडीचं हाड मोडलं. परभणीला ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. डॉक्टरनं बजावलं की आता वॉकर धरून रोज उभं राहायचं, न्हाईतर सांधा आखडंल आन् माणूस कायमचा खाटेवर बसंल. पण हा उठंचना. भिंतीकडं तोंड करून पडायचा, विचारलं तर हू न्हाई का चू न्हाई. वॉकरवर लुगडी वाळायला लागली आन् शेळ्या त्याच्या बायकोच्या, म्हंजे वहिनीच्या गळ्यात पडल्या.

मी दोनदा जाऊन समजावलं. तिसऱ्यांदा खडसावलं. त्यानं मान वळवली न्हाई. मला लय वाईट वाटलं, आन् वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी जायचंच सोडलं. आता बोला, असला मी दोस्त.

मग एका सकाळी वहिनीच आमच्या दारात आली. ती सातवी शिकलेली, हिंदी बऱ्यापैकी वाचते. म्हणाली, त्यांना लहानपणी तुमी कसली पुस्तकं वाचून दाखवायचा, त्यातलं एखादं द्या. मी खूश झालो. पहिला गठ्ठा सोडला, पहिला अंक हातात ठेवला, वर अर्धा तास क्रम कसा पाळायचा ते समजावलं. चार दिवसांनी अंक परत आला. त्यात तो वीर कुठं जन्मला, शक्ती कशी मिळाली, सगळं होतं. नवऱ्यानं ऐकून डोक्यावर गोधडी ओढली होती.

"गुर्जी," ती म्हणाली, "ह्यो पडतो कुठं?"

मला कळलं न्हाई. पडतो म्हंजे?

"एवढी पुस्तकं हायत, कुठंतरी पडलाच आसंल की. न पडलेल्या मान्साचं त्यांना काय सांगू? मला पडला तिथून द्या."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तो पडतो दोनशे चौदामध्ये, पण आधीचे दोनशे तेरा वाचल्याबिगर कोण कुणाचा काय ते कळणार न्हाई. मास्तरकी दाखवली नुसती. ती शांतपणे म्हणाली की पडलेलं माणूस ओळखायला आधीचं कशाला लागतंय. मी झक मारत बाविसावा गठ्ठा सोडला. जन्मात पहिल्यांदा मधूनच सोडला.

दुसऱ्या दिवशी मी अंकाची चौकशी करायला गेलो. खरं सांगायचं तर शेळीनं खाल्ला का काय, हे बघायला गेलो. दारातच थांबलो. वहिनी खाटेपाशी बसून सांगायलती. एक ओळ हिंदीत वाचायची आन् पुढं आपल्या बोलीत चालवायची. पुस्तकातला वीर मोठ्या शहरातल्या गोदामात शक्ती जाऊन पडला होता. तिच्या तोंडी तो आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मागं सरकीच्या ढिगावर पडला. आजवर ज्या भिंतीतून वाऱ्यासारखा गेला, त्याच भिंतीला धरून तो उठायला बघायलता आन् भिंत वाट देत नव्हती. त्याला कशाची लाज वाटत असंल, पाणी मागायला जीभ का उचलत नसंल, हे ती सांगत होती. पुस्तकात यातलं काही लिहिलेलं न्हाई. पण चित्रात होतं. इतकी वर्षं ते पान मी पाठ केलेलं, आन् ते मला कधी दिसलं नव्हतं. एवढे गठ्ठे बांधून मी नेमकं काय वाचलं, असं वाटलं.

वीरानं भिंतीला दोन्ही हात टेकले आन् तिनं पुस्तक मिटलं. शेळ्या खोळंबल्यात म्हणाली. तिथं कुणी मिटतं का, मी दारातून जवळजवळ ओरडणारच होतो. तेवढ्यात बघितलं, खाटेवरच्यानं मान इकडं वळवली होती. मला बघून त्यानं परत भिंतीकडं तोंड केलं. मी गुपचूप दोनशे पंधरावा अंक तिच्या हातात देऊन आलो.

परवा संध्याकाळी ती पुन्हा आली, शेळ्या बांधून, तशीच धुळीच्या पायांनी. म्हणाली, दोनशे सोळावा द्या. मी विचारलं, पंधरा झाला का वाचून?

"न्हाई. मी आजून उघडलाच न्हाई. सकाळी चुलीकडच्या फळीवर ठिवला आन् रानात गेले. आत्ता आले तर त्यांच्या उशाला हाय."

घरात दुसरं कोण होतं, मी विचारलं.

ती म्हणाली, कोणीच न्हाई. आन् दारातच खाली बसून पदरात तोंड घालून रडायला लागली.

काल मी तिथं जाऊन आलो. खाटेपासून फळीपर्यंत सहा पावलं हायत.