गडावर हाक मारायची नाही

गडाच्या दरवाजात पर्यटक जमले की ती दोन टाळ्या वाजवायची. कुणी मागं रेंगाळलं, तरी टाळीच. "हितं कुणाला हाक मारू नका," एवढं बजावून ती शिलाहारांपासूनचा इतिहास सुरू करी. तुम्हीही गगनबावड्याकडचे गड पाहिले असतील, तिथले गाइडही. पण हाकेला घाबरणारी गाइड मी एकच पाहिली.

मी तटबंदीच्या मोजमापाला गेलो होतो. महिनाभर तिच्याच घरी जेवलो. घरात ती आणि सासू, दोघीच. सासू तिच्याशी बोलत नसे. तिचा नवराही गाइडच होता. एका दुपारी धुक्यात कड्यावरून पडला. "हिनंच हाक मारून न्हेलं त्येला," म्हातारीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या दुपारी चार माणसांनी कड्याकडून हिचा आवाज ऐकला होता. "मी चुलीम्होरं हुते," ती सांगत राहिली. पटलं कुणालाच नाही.

एकदा मी पश्चिमेच्या बुरुजापाशी असताना धुकं भरलं. हातातली टेपही दिसेना. समोरून तिचा आवाज आला, "इकडनं या की पावणं! वाट हितनं हाय."

मी निघालो. पाचसहा पावलांवर कुणीतरी मागून सदरा धरून मला खाली ओढलं. तीच होती, धापा टाकत.

"कुठं चाललासा? म्होरं कडा हाय!"

"तुम्हीच तर बोलावलंत."

"मी तोंडसुदीक उघडल्यालं न्हाय." मग हळूच म्हणाली, "माझाच आवाज हुता?"

"तुमचाच."

ती मटकन खाली बसली. बराच वेळ रडली. डोळे पुसून म्हणाली, "आत्तीबाईस्नी एवढं सांगशीला?"

मी सांगितलं. म्हातारी चुलीतल्या राखेकडं बघत राहिली. मग सुनेकडं न पाहताच म्हणाली, "जेवलीस काय गं?"

काही महिन्यांनी नकाशा घेऊन पुन्हा गेलो, तर दोघी गाठोड्यांसकट एसटीत बसलेल्या. सून सासूला घेऊन कागलला, आपल्या माहेरी निघाली होती.

"कायमच्या?" मी खिडकीपाशी जाऊन विचारलं.

"काल आत्तीबाई कड्याच्या वाटंला लागल्यात्या. म्हणत्यात, मी हाक मारली. मी तवा गिरणीत हुते."

म्हातारीनं तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडं वळवला. "हिकडं बघून बोल. तुझं व्हट हलताना दिसू देत मला."

गाडी सुटली. ती बोलत होती. इंजिनाच्या घरघरीत मला मात्र एकही शब्द ऐकू आला नाही.