कोपऱ्यातला ऐन

"भाभी, आता शेवटचं एकदा. नाहीतर उद्या मी फॉरमॅटच मारून आणतो," इक्बालभाई म्हणाले. फॉरमॅट म्हणजे कॉम्प्युटर आतून धुऊन-पुसून कोरा करायचा. होतं नव्हतं ते सगळं गेलं.

रत्नागिरीत माझं टायपिंगचं दुकान. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही, चुकत चुकत आला. समोर बसलेली जैनब पूर्णगडची. तिचा नवरा आखातात बोटीवर होता, दोन महिन्यांपूर्वी तिकडेच वारला. सामानाबरोबर हा लॅपटॉप आला. मुलीला, नजमाला, नर्सिंगला पाठवायचं असं लिहून ठेवलंय, हे तो फोनवर बोलला होता. दीर इक्बालभाईंना ते पटेना. "भाऊ असं बोलेलच कसा? लिहिलेलं दाखवा."

लिहिलेलं आत. पासवर्ड काय, तर तो सांगायचा, "तुझंच नाव." इंग्रजीत झेड लावून, जे लावून, सगळ्या तऱ्हांनी घालून झालं. दरवेळी चूक.

भरदुपारचे बारा. लाइट गेलेली, पंखा बंद. आमच्याकडे ही वेळ बरी मानत नाहीत. बॅटरीवर चाललेल्या त्या स्क्रीनवर मात्र वाजले होते साडेदहा. माणूस गेला, त्याचं घड्याळ अजून तिकडचंच चाललेलं.

"ते पासवर्ड घालताना तू बघितलंस कधी?"

"बघितलं तर! आधी डाव्या हाताने दोन बटणं एकदम दाबायचे. मला वाटायचं, बोटांनी बिस्मिल्ला करतात."

हात्तिच्या! कॉम्प्युटरमध्ये एकाहून जास्त भाषा घातल्या, की ऑल्ट आणि शिफ्ट दाबून एकीतून दुसरीत जाता येतं. पासवर्डची नुसती टिंबं दिसतात, ती कुठल्या भाषेतली ते कळत नाही. मी दोन्ही बटणं दाबली. स्क्रीनच्या कोपऱ्यातली इंग्रजीची खूण गेली आणि एक वाकडं अक्षर आलं.

"ऐन. अरबीतलं अक्षर," जैनब म्हणाली.

"तुला वाचता येतं?"

"कुराण वाचते की, काकू!"

बटणांवर अरबी अक्षरं छापलेलीच होती. ती एकेक शोधत पुटपुटली, "झे... ये... नून... बे." चार टिंबं. एन्टर.

उघडलं. पत्र अर्धवट तसंच समोर, मराठीत. इक्बालभाईंनीच मोठ्याने वाचलं, "नजमाला नर्सिंगला घालायचं. इक्बालला मी समजावतो." पुढे नुसता कर्सर लुकलुकत होता. लिहिणारा जरा पाणी प्यायला उठलाय, असं वाटावं.

इक्बालभाई दाराबाहेर जाऊन उभे राहिले. तिकडूनच विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो, काकू?"

मी फाइल सेव्ह करायला घेतली. भाषा मराठी लावली, नाव द्यायचं 'जैनब'. नुसता जे दाबला. खाली आपोआप शब्द आला: जेवलीस.

मी हात मागे घेतला. आपण नेहमी लिहितो ते शब्द किबोर्ड लक्षात ठेवतो, पहिलं अक्षर पडलं की पुढे करतो. माहीत आहे मला. गिऱ्हाइकांना तेच समजावत असते.

जैनब स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाली, "जेवले हो."

नजमाचा फॉर्म माझ्याच दुकानात भरला. तेव्हापासून 'पासवर्ड चुकला' असं मी कुणाला पटकन म्हणत नाही. आधी कोपऱ्यात बघते, भाषा कुठली लागलीय.

आणि त्या फाइलीचं नाव मी बदललं नाही. 'जेवलीस' असंच ठेवलं.