फळी धरणारी

क्लासमधली पोरं तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठ वळली की लाल मावशी. तायक्वांदोत पांढऱ्या बेल्टपासून सुरुवात करून पिवळा, हिरवा, निळा, लाल असे रंग बदलत माणूस काळ्यापर्यंत पोचतो. पण तिच्या कमरेला लालखेरीज दुसरा रंग त्या पोरांपैकी कुणीच पाहिला नव्हता. तो लालही आता लाल उरला नव्हता. पार विटकरी झाला होता, आणि गाठीपाशी शिवण उसवून आतलं पांढरं कापड डोकावत होतं. बेल्ट धुवायचा नसतो, त्यात अंगमेहनत मुरलेली असते, असं सर प्रत्येक नव्या मुलाला बजावत. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गरम रोलरमधून निघाल्या की समोरच्या बाईबरोबर टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या, हे तिचं दिवसभराचं काम. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात सगळं धुऊन निघतं, माझ्यासकट. तेवढा तो बेल्ट सोडून."

खरं तर क्लास मुलीचा होता. मुलगी दहा वर्षांची असताना तिला सोडायला ही यायची आणि भिंतीलगतच्या बाकावर बाकीच्या आयांबरोबर बसून राहायची. बसणं हा तिचा पिंडच नव्हता. मुलीची लाथ चुकली की बाकाखाली हिचा पाय हलायचा. ते सरांच्या नजरेत आलं आणि ते म्हणाले, बाकाला लाथा मारण्यापेक्षा इकडे येऊन उभ्या राहा. ती राहिली. पुढे मुलगी निळ्या बेल्टवर कंटाळून घरी बसली आणि आई लाल बेल्टपर्यंत गेली.

तिथेच घोडं अडलं. काळ्या बेल्टची परीक्षा जवळ आली की घरात काहीतरी उभं राहायचंच. एकदा सासूबाईंनी अंथरूण धरलं ते दोन वर्षं सोडलं नाही. एकदा मुलीचं बाळंतपण आलं. एकदा नवरा शिडीवरून पडला. मग तिचाच डावा गुडघा सुजला. दर वेळी सगळे म्हणत, पुढच्या वेळी दे की, बेल्ट काय पळून चाललाय? बेल्ट पळत नव्हता, वर्षं पळत होती, आणि ती कुणी मोजत नव्हतं.

मधल्या काळात ज्यांना तिनं बेल्टची गाठ मारायला शिकवली ती पोरं काळा बेल्ट बांधून तिच्या पुढे उभी राहू लागली. क्लासमध्ये रांग लागते ती बेल्टच्या क्रमानं. काळे पुढे, पांढरे मागे. वय, पिकलेले केस, सुजलेला गुडघा यांना रांगेत जागा नसते, आणि तिला ते मान्यच होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती एकदाच घरी म्हणाली होती. नंतर तेही नाही.

मात्र परीक्षेच्या दिवशी तिच्यावाचून सगळ्यांचं अडायचं. परीक्षेचा शेवट फळी फोडण्यानं होतो, आणि फळी फोडणाऱ्याइतकंच काम धरणाऱ्याचं असतं. फळीच्या रेषा उभ्या ठेवायच्या, दोन्ही कडा तळव्यांत घट्ट दाबायच्या, कोपरं ताठ करायची आणि लाथ यायच्या क्षणी मागे न सरता अंग पुढे झोकायचं. धरणारा कचरला की फळी पायाबरोबर मागे जाते, फुटत नाही, आणि मारणाऱ्याचा पाय दुखावतो. लाल मावशी कचरत नसे. चादरीची टोकं ताणून धरलेले हात ते. पोरांच्या आया म्हणायच्या, आमच्याची फळी तुम्हीच धरा हं मावशी. ती धरायची, पोरगं फळी फोडायचं, टाळ्या वाजायच्या, आणि तुकडे तिच्या हातात राहायचे.

या वर्षी मात्र सर आपणहून म्हणाले, मावशी, यंदा तुम्ही. तिनं लाँड्रीतून आठवडाभर आधी सुट्टी सांगून ठेवली. पहाटे उठून स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत पूमसे केले. पूमसे म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. एकेका बेल्टची एकेक. तिच्या हातापायांच्या धक्क्यानं नवऱ्याचा चहा दोनदा सांडला.

परीक्षेला पालकांनी हॉल भरला होता. मुलगी आपल्या नवऱ्याला आणि बाळाला घेऊन पहिल्या ओळीत. आईची पाळी आली तेव्हा सर माइकवर म्हणाले की मावशींचे पूमसे आपण रोजच बघतो, त्यांची फाइटही बघतो, तेव्हा त्यांनी थेट फळीच फोडावी. तिच्या कपाळाला आठी पडली. पण इतक्या वर्षांनी ताट समोर आलं होतं; ती गप्प बसली. आणि मान म्हणून तिची फळी खुद्द सरांनी धरली.

डाव्या पायावर तोल घेऊन तिनं उजव्या पायाची बाजूची लाथ मारली. फळी फुटली. हॉल टाळ्यांनी दणाणला.

तिच्या कानाला मात्र आवाज खोटा लागला. फळी फुटते तेव्हा फाडकन आवाज येतो आणि टाचेत झिणझिण्या उठतात. ही चहात भिजलेल्या बिस्किटासारखी मोडली होती. तिनं वाकून एक तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. पुढच्या बाजूला थोडे तंतू तुटलेले. मागची बाजू गुळगुळीत आणि सरळ, जशी फक्त करवतीनं होते. फळी मागून अर्ध्याच्या वर कापलेली होती आणि कापलेली बाजू सरांनी आपल्या छातीकडे ठेवली होती.

सर काळा बेल्ट दोन्ही हातांवर घेऊन आले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दोन्ही तुकडे बगलेत मारले आणि हळू आवाजात, फक्त सरांना ऐकू जाईल असं विचारलं, "सर, माझी परीक्षा कधी आहे?"

सरांचा चेहरा उतरला. काळ्या बेल्टला हात न लावता ती वाकून नमस्कार करून रांगेत परत गेली, लाल बेल्टच्या जागी. लोकांना वाटलं, मावशींना भरून आलं.

घरी येऊन तिनं ते दोन तुकडे जेवणाच्या टेबलावर ठेवले, कापलेली बाजू वर करून. मग ताटं मांडली. नवऱ्यानं तुकड्यांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या भरलेला असूनही तो भरायला उठला. तिथेच तिला कळलं की हे नुसतं सरांचं डोकं नव्हे.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मुलीला कधीच गती नव्हती. तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले होते की त्या गुडघ्यावर तोल घेऊन लाथ चुकली तर पाय कामातून जाईल. आईला सांगून ती ऐकणार नाही. म्हणून बाबांना विचारून मुलगी सरांकडे गेली होती. बेल्ट तर आईला मिळायलाच हवा, पण तिला काही होता कामा नये, असं म्हणाली होती. करवतीचं तिला ठाऊक नव्हतं; पण काहीतरी सोपं करा, हे तिचेच शब्द.

"तुझ्या काळजीपोटीच केलं ना, आई."

"सासूबाईंच्या काळजीपोटी मी एक परीक्षा सोडली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि नवरा त्यालाच घाबरत होता. "तुझ्या काळजीपोटी एक. ह्यांच्या काळजीपोटी एक. सोडायची होती ती मी सोडली. माझी मी. आता तुम्ही माझी काळजी केलीत आणि मी सोडलेली ती वर्षंच काढून घेतलीत. त्या करवतीनं फळी नाही कापली बाई. मला कापलं."

नवरा म्हणाला, अगं, शेवटी बेल्ट मिळाल्याशी कारण. ती म्हणाली, बरोबर, उद्यापासून लिफ्ट दुरुस्त करू नका, नुसता वरच्या मजल्याचा दिवा लावून द्या, लोक पोचल्याचं समाधान मानतील.

चार दिवस घरात भांडीच तेवढी बोलत होती. लाँड्रीत समोरच्या बाईच्या हातून चादरीची टोकं सुटायला लागली, इतक्या जोरात ही ताणत होती. कुणाशी भांडते आहेस गं, तिनं विचारलं. ही म्हणाली, घरच्यांशी, पण चादर मध्ये आली.

सोमवारी ती क्लासला गेली. पहिल्या रांगेतली, नुकताच काळा बेल्ट मिळालेली एक मुलगी तिला पाहून बाजूला सरकली. मावशीनं तिला खांद्याला धरून परत जागेवर उभं केलं आणि आपण लाल बेल्टच्या जागी गेली. क्लास सुटल्यावर ती सरांच्या केबिनमध्ये शिरली आणि न बसता उभी राहिली.

सर वाईट माणूस नव्हते, ही तर पंचाईत होती. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. ते म्हणाले, इतकी वर्षं तुम्हाला लाल बेल्टमध्ये बघून मलाच बरं वाटत नव्हतं. भरल्या हॉलमध्ये तुम्ही पडला असता तर? तुमची मुलगी ह्या खुर्चीत बसून रडत होती.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी लाथा मारत नाही, सर," ती म्हणाली. "मी पडले असते तर लाल बेल्ट बांधून उठले असते. त्याची मला सवय आहे. आणि इथे पोरांना तुम्ही काय सांगता? बेल्ट धुवायचा नाही, मेहनत धुऊन जाते. मग माझी तुम्ही धुतलीतच की, भर हॉलमध्ये, माइकवरून."

सरांनी टेबलावरची शिट्टी बाजूला सारली. मग म्हणाले, पूर्ण परीक्षा घेतो, येत्या शनिवारी, पण तुमच्या मुलीला तोंड कोण देणार? ती म्हणाली, "तिलाच आणते. फळी ती धरेल."

शनिवारी हॉल रिकामा होता. माइक नाही, फोटोवाला नाही. मुलगी भिंतीलगतच्या त्याच बाकावर बसली, जिथे आई बसायची. बाळाला ती त्याच्या बापाकडे ठेवून आली होती. दोघी घरापासून क्लासपर्यंत एक शब्द न बोलता आल्या होत्या.

सरांनी काहीही सोडलं नाही. सगळे पूमसे, पहिल्यापासून. एका ठिकाणी तिचा हात आधी गेला आणि पाय नंतर; सरांनी तो पूमसे पुन्हा करायला लावला, आणि त्या क्षणी प्रथमच तिचा सरांवरचा राग थोडा उतरला. मग फाइट. समोर कॉलेजातला एक काळ्या बेल्टचा मुलगा. तो आधी जपून मारत होता. तिनं त्याच्या छातीच्या पॅडवर अशी लाथ हाणली की तो दोन पावलं मागे गेला आणि मग त्यानं जपणं सोडलं. तिचा श्वास फुलला, कपाळावरचे केस चिकटले. बाकावर मुलीचा पाय हलत होता. आईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग सरांनी नवी फळी आणली. त्यांनी ती आधी तिच्या हातात दिली. तिनं दोन्ही बाजू पाहिल्या, कडांवर अंगठा फिरवला आणि मुलीकडे दिली. निळ्या बेल्टपर्यंत शिकलेलं मुलगी विसरली नव्हती. रेषा उभ्या, कडा तळव्यांत, कोपरं ताठ.

पहिली लाथ बसली आणि फळी फुटली नाही. लाथ यायच्या क्षणी मुलीनं डोळे मिटले होते आणि कोपरं सैल पडली होती. फळी पायाबरोबर मागे गेली. आईच्या टाचेपासून कळ वर चढली. ती एका पायावर लंगडत भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. सर पुढे आले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

मुलीचे डोळे भरले होते. "आई, बस ना आता. मला नाही जमत. तुला लागलं."

"मला लागलं ते तू मागे सरलीस म्हणून," आई म्हणाली. "फळीनं नाही लागलं, गुडघ्यानं नाही लागलं. परवाही तू मागेच सरलीस. मला सांभाळायला जाऊ नकोस. फळी सांभाळ. मला पडायचं असेल तर मी पडेन, पण तू तिथून हलू नकोस. डोळे उघडे ठेव आणि माझ्यावर धावून ये. राग नाही का येत तुला माझा? इतके दिवस मी तुझ्याशी बोलले नाही."

"येतो," मुलगी म्हणाली.

"मग तो धर."

मुलीनं नाक पुसलं आणि फळी पुन्हा उचलली. ह्या वेळी तिनं पाय फाकवून जमिनीत रोवले आणि आईकडे तसं बघितलं, जसं लहानपणी खेळणं काढून घेतल्यावर बघायची. आईनं डाव्या पायावर तोल घेतला. गुडघ्यानं तक्रार केली, ती तिनं ऐकून घेतली. मग वळली आणि मारली.

फाडकन आवाज झाला. टाचेतून झिणझिण्या उठल्या. तुकडे मुलीच्या हातात राहिले आणि ती ते छातीशी धरून उभी राहिली. धरणाऱ्यानं तुकड्यांचं काय करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी स्वतः आईचा लाल बेल्ट सोडला. गाठ इतकी मुरलेली होती की त्यांना नखं लावावी लागली. मग काळा बेल्ट बांधला आणि आधी ते वाकले. तीही वाकली. ती हसली नाही. सरांना एवढंच म्हणाली, पुढच्या परीक्षेत पोरांच्या फळ्या आधी मी बघणार, एकूण एक. सर म्हणाले, बघा. लाल बेल्टची तिनं चादरीसारखी कडेला कड जुळवून घडी घातली आणि न धुता पिशवीत ठेवला.

बाहेर आल्यावर ती लंगडत होती. मुलगी दोन पावलं मागून चालत होती, जवळ जावं की नाही ह्या विचारात. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "हात धरू का?"

"फळी धरलीस तेवढं पुरे," आई म्हणाली, आणि खांद्यावरची पिशवी काढून तिच्याकडे दिली. "ही धर."